आखणीची गादी

गणपतीच्या कारखान्यात माती मळणारा असतो, साच्यातून मूर्ती काढणारा असतो, घासणारा, रंग मारणारा, दागिने उठवणारा असतो. ह्या सगळ्यांचं आटपलं की शेवटी येतो तो आखणीवाला. तो डोळे काढतो. तोवर मूर्ती म्हणजे रंगवलेली माती. कोणी तिच्या खांद्यावर टॉवेल वाळत टाकला तरी कोणी काही बोलत नाही. पण आखणी झाली, बुबुळ जागेवर बसलं, की तोच टॉवेलवाला चपला बाहेर काढून आत येतो.

पेणजवळच्या जोहे गावचा जनू म्हात्रे हा असा आखणीवाला. आपल्यासारखा दुसरा नाही, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर तो बसायचा. बाजूला कंप्रेसर धडधडतोय, आवाज जरा दबावा म्हणून त्याच्या खाली कसलंसं जुनेर सारलेलं. समोर बायका घासकाम करता करता एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतायत. आणि जनूच्या खिशातल्या मोबाईलवर कुठल्यातरी बुवांचं कीर्तन लागलेलं. पूर्वरंगात एक मूर्ती, उत्तररंगात दुसरी. बुवांनी चाल टिपेला नेली की जनू श्वास धरायचा आणि त्या एका श्वासात वरची पापणी ओढून मोकळा व्हायचा.

ही विद्या त्याला त्याच्या गुरूंनी, बाबाजींनी दिली होती. बाबाजी जाऊन बरीच वर्षं झाली. जनूनं ती पुढं एकालाच दिली, आणि तिथंच आपण माती खाल्ली असं त्याला हल्ली वाटू लागलं होतं.

तो एक म्हणजे प्रविण. गावातलाच, हाताचा हलका, तोंडाचा मुका. जनूच्या शेजारी बसून शिकला. शिकवता शिकवता जनू बाबाजींच्या गोष्टी सांगायचा, आणि हा हूं हूं करत ऐकायचा. इथवर ठीक होतं. पण जनूच्या बायकोनं, अनितानं, मध्ये पडून आपली धाकटी बहीण मृणाली त्याला दिली आणि शिष्याचा साडू झाला. आता साडू हे नातं देवानं कशासाठी केलं ते कुठल्या पोथीत सापडत नाही. भाऊ म्हणावं तर वाटणी नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. एकाच सासूच्या पंगतीला दोन पानांवर बसलेले दोन जावई. आपलं पान सोडून दुसऱ्याच्या पानात काय पडलं ते बघत जेवायचं.

ह्या वर्षी प्रविणनं खोली केली.

घरामागच्या रिकाम्या गोठ्याला त्यानं भिंती घातल्या. उत्तरेला भाताच्या खाचरांकडं उघडणारी मोठी खिडकी ठेवली आणि तिच्यावर पांढरी मलमल लावली, म्हणजे उजेड गाळून यावा. मूर्ती ठेवायला फिरता पाट, तोही बसल्या माणसाच्या छातीला येईल इतका उंच. भिंतींवर काही नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. मोबाईल दाराबाहेर पितळी डब्यात. म्हणे चित्त एका जागी राहतं, हात चालतो, नवीन नवीन सुचतं. कारखान्याच्या शेठनंही मान्य केलं. कारखान्यातल्या मूर्ती टेम्पोतून त्याच्या घरी जायच्या आणि डोळस होऊन परत यायच्या. हमरापूरचे लोक खोली बघायला आले, वडखळचा एक जण तर बायकोला घेऊन आला.

"गोठ्यात बसून दूध देणार हाय काय?" जनू कारखान्यात म्हणाला. बायका हसल्या. त्याला बरं वाटलं. पण संध्याकाळी घरी जाताना तो उगाच वाट वाकडी करून प्रविणच्या घरामागनं गेला. मलमलीच्या पलीकडं एक सावली वाकून बसली होती. हलत नव्हती. ती हलत नाही हेच जनूला लागलं.

आणि मग रोह्याहून फोन आला.

रोह्याला अनिताचं माहेर. सासू हौसाआई, खाडीकाठची, आवाजानं मोठी आणि मायेनं त्याहून मोठी. तिच्या घरच्या गणपतीचे डोळे लग्न झाल्यापासून जनूच काढायचा. मूर्ती तोच घेऊन जायचा, तिच्यावरचं फडकं तोच काढायचा, आरतीचं पहिलं ताट त्याच्या हातात. पेणच्या बाजारात चारचौघांत तो ही गोष्ट सांगत नसे, पण वर्षभर त्याला पुरायची.

फोन स्पीकरवर होता. जनू जेवत होता.

"अगो अनिते, यंदा देवाचे डोले प्रविणला काढू दे म्हंते मी. त्याची नवी खोली झालीय ना. मृणाली कवापासून मागं लागलीय. जनूला सांग, राग नको मानू म्हनावं. इतकी वरसं त्योच करतोय."

"ऐकतायत ते," अनिता म्हणाली.

"मी कशाला राग मानू?" जनू म्हणाला, आणि अर्धी भाकरी टाकून उठला.

अनितानं ती अर्धी भाकरी झाकून ठेवली. रात्री हा उठून ती शोधणार, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला शिवा कारखान्यात आला तेव्हा जनूनं त्याला बाजूला घेतलं. चहा सांगितला. शिवाला कळलं की आज आपल्याकडं काहीतरी माल आहे.

"आत गेलेलास काय रं त्याच्या खोलीत?"

"दारापर्यंत. मूर्ती तो सोता उचलून नेतो आत."

"काय काय हाय?"

शिवानं खिडकी सांगितली, पाट सांगितला, पितळी डबा सांगितला. हे सगळं गावाला ठाऊक होतं. जनूनं चहाचा कप खाली ठेवला. मग शिवा आवाज उतरवून म्हणाला, "पन दादा, खरी गंमत त्या गादीची हाय."

"कसली गादी?"

"कोपऱ्यात हाय. मी इचारलं, म्हटलं काय रं प्रविण, एवढा हात कसा बसला तुझा? तर म्हनतो, सगलं त्या गादीचं. गादी नसती तर माझा हात बसला नसता."

"फोमची हाय का कापसाची?"

"मी कुठं दाबून बघितली. कोनाला बसू देत नाय तीवर."

जनूच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे हे असं आहे. खिडकी गावाला दाखवायची, पाट दाखवायचा, आणि खरी चावी कोपऱ्यात झाकून ठेवायची. मुक्या माणसाचं असंच असतं. जनू उलट्या डब्यावर परत जाऊन बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो डबा टोचला. कंप्रेसरही यंदा जास्तच धडधडत होता. बायका जास्तच बोलत होत्या. ह्या असल्या बाजारात बसून आपण इतकी वर्षं देवाचे डोळे काढले, ह्या विचारानं त्याला स्वतःचीच दया आली.

"मी पन खोली करतो," त्यानं घरी सांगितलं.

"कुठं?" अनिता म्हणाली.

"मागची पडवी."

"तिथं भाताची कणगी हाय. पापडाचे डबे हायत. कोंबडी हाय."

"काढ सगलं."

अनितानं कणगी ओटीवर आणली, डबे माळ्यावर चढवले. कोंबडी तेवढी निघेना. दिवसातनं चारदा हाकलली तरी पडवीच्या त्याच कोपऱ्यात येऊन उभी राहायची, वतनदारासारखी.

जनूनं वडखळला जाऊन दिवे आणले. प्रविणकडं सूर्याचा उजेड असेल तर आपल्याकडं दोन पांढरेशुभ्र दिवे, वाकवले तसे वाकणारे. पाट आणला, प्रविणच्यापेक्षा चार बोटं उंच. भिंतीला पांढरा रंग दिला. मोबाईल बाहेर ठेवला, तो पितळी डब्यात नव्हे तर अनिताच्या तांब्याच्या हंड्यात. आणि मग तो गादी घ्यायला पेणला गेला.

गादीवाल्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बसायला पाहिजे का झोपायला?"

"बसायला. पन अशी पाहिजे की हात बसला पाहिजे."

"हात?" गादीवाला म्हणाला. "दादा, गादीवर हात नाय बसत. जे बसतं ते बसतं." मग दयेनं विचारलं, "मूळव्याध हाय काय? लाजू नका. मधी भोक असलेली येते."

जनूनं काथ्याची बघितली, कापसाची बघितली. शेवटी फोमची घेतली, जाड, जांभळ्या मखमलीची. डोक्यावर घेऊन एसटीत चढला. कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट?" जनू हसला नाही. जोह्याच्या थांब्यावर उतरला तेव्हा प्रविण समोरून दूध घेऊन चालला होता.

"दादा, गादी आणली वाटतं."

"हां," जनू म्हणाला. "आमाला पन कलतं."

प्रविणला काही कळलं नाही. तो "बरं झालं" म्हणाला आणि गेला. त्या "बरं झालं"नं जनूचं डोकं रात्रीच्या जेवणापर्यंत तापलेलं होतं.

श्रावण लागला. जनूनं शेठला सांगून मूर्ती घरी मागवल्या. पडवीचं दार लावलं. घरात मिक्सर बंद, शेजारणीनं ओट्यावर येऊन बोलायचं बंद. अनिता दाण्यांचं कूट करायला मैत्रिणीकडं जाऊ लागली. दिवे लागले, पाटावर मूर्ती आली, जनू जांभळ्या गादीवर बसला आणि ब्रश उचलला.

इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. कीर्तन नाही, कंप्रेसर नाही, सुनांची उणीदुणी नाहीत. शांततेत माणसाचं मन देवाकडं जातं असं बुवा सांगतात, आणि ते खरंच असेल, पण त्यासाठी मनात आधी देव असावा लागतो. जनूच्या मनात प्रविण होता. तो आत्ता काय करत असेल? किती मूर्ती झाल्या असतील? रोह्याची मूर्ती त्याच्या पाटावर चढली असेल का? जनू पापणी ओढायचा आणि मध्येच थांबून कान द्यायचा, जणू एवढ्या लांबून ब्रशाचा आवाज येणार होता.

गादी मऊ होती. इतकी मऊ की जनू ज्या कुशीवर भार टाकेल तिकडं ती खचायची. आणि तो भार टाकायचा डावीकडं. डाव्या हाताला, दोन आळ्या सोडून, प्रविणचं घर.

त्या आठवड्याच्या मूर्ती कारखान्यात गेल्या. आणि शिवा परत आला तो रिकामा टेम्पो घेऊन नाही. भरलेला घेऊन.

"दादा," तो टेम्पोतून न उतरताच म्हणाला, "शेठ म्हनतात, ह्यांची नजर कुठं हाय?"

जनूनं मागचं फडकं वर केलं. रांगेनं बसलेले गणपती. पितांबर झकास, सोंड झकास, पापण्यांची धार बघावी तर ब्लेडसारखी. आणि सगळ्यांचे डोळे जरासे, अगदी तांदळाच्या दाण्याएवढे, एका बाजूला गेलेले. समोर उभ्या भक्ताकडं कोणीच बघत नव्हता. सगळे शेजारच्याच्या मोदकाकडं बघत होते.

जनूनं फडकं खाली सोडलं. "ठेव हितं. मी नीट करतो."

शिवानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "शेठनं प्रविनकडं टाकायला सांगितल्यात. तुमाला फक्त दाखवून ने म्हनाले."

टेम्पो डावीकडं वळला. सगळे गणपती, जिथं बघत होते तिथंच निघाले.

त्या शनिवारी अनिता त्याला ओढून रोह्याला घेऊन गेली. तिच्या माहेरच्या आळीत विठ्ठलाच्या देवळात श्रावणातलं कीर्तन होतं, आणि कीर्तनाला जनू नाही म्हणाला नाही ह्यावरून तिनं ताडलं की माणूस अजून पुरता गेलेला नाही. जित्याच्या स्टेशनात त्यांनी गाडी धरली. खिडकीतून कासूची खाचरं जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

कीर्तनाला नागोठण्याची मनालीताई उभी होती. कोवळी पोर, नऊवारी नेसलेली, हातात चिपळ्या. पण गळा असा, की पहिल्याच नमनाला देवळातल्या म्हाताऱ्यांनी पाय आखडून बसायला सुरुवात केली. जनूच्या आत कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

उत्तररंगाला तिनं नारदाची कथा लावली. नारद तुंबराच्या गाण्यावर जळायचा. देवाच्या दारात तुंबराला मान, आपल्याला नाही. म्हणून तो ईर्षेनं गाणं शिकला, त्यानं ते रात्रंदिवस घोकलं, आणि आता बघतो म्हणून निघाला. वाटेत त्याला माणसं भेटली, कोणाचा हात मोडलेला, कोणाची मान वाकडी, कोणी डोळ्यानं तिरळं. कोण रे तुम्ही? तर म्हणाले, आम्ही राग आणि रागिण्या. कोणी नारद म्हणून आहे, तो गातो, त्यानं आमची ही दशा केली. आता तुंबर गाईल तेव्हाच आम्ही सरळ होऊ.

लोक हसले. हौसाआई तर पदर तोंडाला लावून हसली. जनूला आपल्या टेम्पोतले गणपती दिसले. तो हसला नाही. त्यानं अनिताकडं चोरून बघितलं, हिनं मनालीताईला काही सांगितलं की काय म्हणून. अनिता डोळे मिटून डोलत होती.

शेवटी बुक्का लावायला आणि पाया पडायला रांग लागली. हौसाआई उठली, गुडघ्यावर हात ठेवत पुढं गेली, आणि नातीच्या वयाच्या त्या पोरीच्या पायावर डोकं ठेवलं. मागोमाग मनालीताईचे वडील, जे पेटीवर बसले होते, तेही वाकले. पोरगी ताठ उभी. कुणीतरी नवखं कुजबुजलं असावं, कारण ती हसून म्हणाली, "हे मला नाही बरं का. ही नारदाची गादी आहे. खाली बघा, सतरंजीसुद्धा नाही, नुसती फरशी आहे. तरी हिला गादी म्हणतात. हिच्यावर जो उभा राहतो त्याच्यामागं त्याचा गुरू उभा असतो, त्याच्यामागं त्याचा. नमस्कार त्यांना. माझे पाय मध्ये आहेत इतकंच."

जनू रांगेत होता. तो जागच्या जागी थांबला, मागचा माणूस त्याच्यावर आदळला.

गादी.

मिसरूड फुटलं तेव्हापासून त्यानं कीर्तनं ऐकली होती. नारदाची गादी, गुरूची गादी, अमक्या बुवांची गादी तमक्यांनी चालवली. हा शब्द त्याच्या कानांत पोत्यानं पडला होता. आणि शिवा "गादी" म्हणाला तेव्हा त्यानं विचारलं काय? फोमची का कापसाची. सगळं त्या गादीचं, गादी नसती तर हात बसला नसता, कोणाला बसू देत नाही. एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आणि मग, लाज पुरती वर येण्याआधीच, दुसरी गोष्ट वर आली आणि तिनं लाजेला ढकलून दिलं. प्रविणचा गुरू कोण? मी. म्हणजे त्यानं खोलीत गादी मांडली ती माझी.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत जनू बोलतच सुटला. प्रविण तसा गुणी. लहानपणापासून नम्र. मृणालीचं नशीब. जित्याला उतरल्यावर त्यानं पेढ्यांचा पुडा घेतला, आणि घरी न जाता थेट प्रविणच्या मागच्या दाराशी उभा राहिला. दुपार होती. त्यानं मोबाईल काढून पितळी डब्यात ठेवला, चपला काढल्या.

"दादा?" प्रविण दारात आला. गोंधळला. "या ना. आत या."

जनू आत गेला आणि खोली त्याला आतून पहिल्यांदा दिसली. मलमलीतून उजेड असा येत होता, जसा ताकावर लोण्याचा गोळा येतो, आवाज न करता. फिरत्या पाटावर रोह्याची मूर्ती होती. डोळ्यांची जागा अजून कोरी. बाजूला फळीवर त्याचेच तिरळे गणपती रांगेनं बसलेले, आता समोर बघत होते. जनूनं त्यांच्याकडं बघायचं टाळलं. पण बघितलं. चांगले झाले होते.

आणि कोपऱ्यात गादी. चौपदरी घातलेलं घोंगडं, काळं, कडेला झिजलेलं, पुढं एक जास्वंदीचं फूल.

पेढ्याचा पुडा जनूच्या हातात राहिला. ते घोंगडं त्याचं नव्हतं. त्यानं ते ओळखलं.

"ही तर बाबाजींची गादी," तो म्हणाला.

"हो."

"तुझ्याकडं कशी?"

"कंप्रेसरखाली होती. आवाज कमी व्हावा म्हणून घातलेली कोणीतरी." कोणी ते प्रविणनं सांगितलं नाही. "मागच्या साली काढली. चार पाण्यानं धुतली. ऑइल गेलं, वास तेवढा थोडा हाय."

"तू कुठं बघितलंस बाबाजींना? तू बोबडा बोलत होतास ते गेले तवा."

"तुमच्या तोंडून बघितले. घोंगडं चौपदरी घालायचे, कोणाला बसू द्यायचे नाय, ब्रश उचलायच्या आधी खिडकीकडं बघायचे. तुम्हीच सांगायचात." मग म्हणाला, "उत्तरेला खिडकी पाहिजे हेपन तुम्हीच सांगितलेलं. बाबाजींची तशी होती म्हणून."

जनूला आठवलं. आणि ह्या वेळची जळजळ आतापर्यंतच्या सगळ्याहून वाईट होती. खोली गेली, रोह्याची मूर्ती गेली, ते सगळं समजण्यासारखं होतं. पण बाबाजी त्याचे होते. ह्या पोरानं त्यांचा आवाज ऐकला नव्हता, त्यांच्या हातची टपली खाल्ली नव्हती. आणि बाबाजी आता इथं राहत होते, फूल घेत होते. आणि त्यांनी तरी काय करावं? तिकडं त्यांच्यावर कंप्रेसर ठेवलेला.

"आणि माझी?" जनूच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली.

प्रविणला आधी कळलं नाही. मग कळलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "तुमची कशी मांडू दादा? गादी गेलेल्या माणसाची मांडतात. तुमची मांडायची तर आधी तुम्हाला जावं लागेल."

जनूच्या पोटातून एक घुटमळलेलं हसू आलं, अर्ध्या वाटेत खोकला झालं. "घाई नाय मला," तो म्हणाला.

"मलापन नाय."

प्रविणनं पुडा त्याच्या हातून घेतला, दोन पेढे काढून फुलाजवळ ठेवले. मग पाटाकडं गेला, पाण्यात ठेवलेला बारीक ब्रश उचलून पुसला आणि उलटा धरून जनूपुढं केला. "रोह्याची तुम्हीच करा. मी आईंना सांगतो. मला मृणालीनं अडकवलं त्यात. मला बोलता आलं नाय."

हेच हवं होतं. अर्धी भाकरी टाकल्या दिवसापासून हेच हवं होतं. जनूनं ब्रश घेतला आणि पाटापुढं बसला. कोऱ्या डोळ्यांची मूर्ती त्याच्या छातीशी आली. उजेड अगदी जिथं पाहिजे तिथं पडला होता. त्यानं श्वास धरला, ब्रश नेला, आणि टेकवायच्या क्षणी त्याला हातात ती ओढ जाणवली. आता तर डावीकडं कुठलं घर नव्हतं. तो त्याच घरात बसला होता. तरी हात जात होता, प्रविण उभा होता तिकडं.

त्यानं ब्रश मागं घेतला.

"तू कर," तो म्हणाला.

"दादा..."

"यंदा माझे डोले तुझ्याकडं लागलेत. मूर्तीत कुठून घालू?" त्यानं ब्रश परत दिला. "कर. मी बसतो."

तो घोंगड्यावर बसला नाही. घोंगड्याशेजारी, जमिनीवर, मांडी घालून बसला, जसा मिसरूड फुटायच्या आधी बसायचा. प्रविणनं घोंगड्याला हात लावला, तो कपाळाला नेला आणि पाटाकडं वळला. जनूचा अंगठा गुडघ्यावर हलत राहिला. त्यानं फटकारा इथं जरा जाड घेतला असता. इथं लवकर उचलला असता. एकदा तोंड उघडलं, आणि घोंगड्याकडं बघून मिटलं. प्रविणनं श्वास धरून वरची पापणी ओढली, आणि त्याला कुठलं कीर्तन लागलं नव्हतं.

जनूची जळजळ गेली नाही. पण डोळे सरळ आले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शिवाच्या टेम्पोतून दोन्ही कुटुंबं रोह्याला गेली. निघताना अनिता पडवीत डोकावून म्हणाली, "अहो, तुमच्या गादीवर कोंबडी खुडूक बसलीय. खायला पन उठत नाय. एवढं चित्त लावून कोनीतरी बसलं तिथं."

"बसू दे," जनू म्हणाला. तो आठवड्यापूर्वीच कारखान्यात, उलट्या डब्यावर, परत गेला होता.

हौसाआईनं ओवाळलं. फडकं कोणी काढायचं ह्यावर दोन्ही जावयांची "तुम्ही", "नाय तू" अशी चालली, तेव्हा तिनंच पुढं होऊन ते ओढलं. मग ती मूर्तीपुढं उभी राहिली. बराच वेळ.

"जनूचा देव माझ्या ताटाकडं बघायचा," ती म्हणाली. "काय गो हौसा, किती मोदक उकडलेस, असा. ह्यो लांब बघतोय. खाडीकडं." तिनं पदरानं डोळे टिपले. "तुमचे सासरे खाडीत गेले ते त्याच बाजूला. बघू दे. कोनीतरी बघाय पायजे."

जनूनं परत बघितलं. खरंच होतं. लांबची नजर. इतक्या वर्षांत आपल्याला हे एकदाही सुचलं नाही, ही गोष्ट त्याच्या आत लाल मिरचीच्या बीसारखी जाऊन बसली, आणि पुढची सगळी आरती तो टाळ जरा जोरातच वाजवत होता. आरतीचं पहिलं ताट प्रविणच्या हातात होतं.

जेवायला पानं मांडली. एका बाजूला जनू, त्याच्या डाव्या हाताला प्रविण. हौसाआई वाफेचे मोदक घेऊन आली, आधी मोठ्याला वाढले, मग धाकट्याला, दोघांवर तुपाची धार सोडली. आज खाली मान घालून जेवायचं, आपल्या पानाबाहेर बघायचं नाही, असं जनूनं देवापुढं ठरवलं होतं. पहिला घास होईपर्यंत ते टिकलं. मग सवयीनं नजर डावीकडं गेली.

प्रविण जनूच्याच पानात बघत होता.